घरच्यांनी मला दिलेली कावीळ

मला आयुष्यात कावीळ कधीही झालेली नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण नायगावच्या आमच्या चाळीतल्या काही म्हाताऱ्या, ज्या आता माझ्याच टॉवरमध्ये राहतात, लिफ्टमध्ये भेटल्या की अजूनही आधी माझ्या डोळ्यांत बघतात, पिवळे आहेत का म्हणून. खरं काय ते त्यांनाही कळून जमाना झाला. पण एकदा बघायची सवय लागली की लागली. मला झाला होता तो रक्ताचा कॅन्सर, आणि तो दोनदा. पहिल्यांदा झाला तेव्हा सगळ्या चाळीला माहीत होतं. दुसऱ्यांदा झाला तेव्हा घरच्यांनी तो माझ्याकडून काढून घेतला आणि त्याच्या जागी मला कावीळ दिली. ती का दिली, कशी दिली आणि शेवटी कशी उतरली, एवढंच या प्रकरणात सांगायचं आहे.

पहिल्या वेळी मी चौथीत होते. तेव्हाचं माझ्या लक्षात राहिलं आहे ते सुयांपेक्षा माणसं. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की त्याला ‘बघायला’ जातात. बघायला म्हणजे अक्षरशः बघायला. मी खाटेवर पडलेली असायचे आणि समोर बायका ओळीने बसायच्या, हातात मोसंबी नाहीतर ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. आधी ‘कशी गं सुकली पोर’ व्हायचं, मग आईच्या हातचा चहा व्हायचा, आणि चहा पोटात गेला की प्रत्येकीला आपला एकेक नातेवाईक आठवायचा, त्याला अगदी हाच आजार झालेला असायचा आणि तो गेलेला असायचा. शिवाय तो माझ्यापेक्षा अंगाने दणकट असायचा. ‘पैलवान होता गं, महिन्यात उचलला.’ एवढं सांगून त्या मोसंबी ठेवून निघून जायच्या. आई दार लावून मोसंबी धुवायची, उकळत्या पाण्याने, जणू ती मोसंबी पण तेच बोलली होती.

तरीही मी मेले नाही. सहावीत असताना औषधं थांबली आणि बाईंनी, म्हणजे परळच्या हॉस्पिटलातल्या आमच्या डॉक्टरबाईंनी, आता फक्त तपासायला येत जा म्हणून सांगितलं. लगेच पुढच्या भीमजयंतीला मंडळाच्या स्टेजवर माझा सत्कार झाला. मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ आमच्याच मजल्यावर राहायचे. त्यांनी माईकवरून मला ‘कॅन्सरचा कायमचा खात्मा करणारी आपल्या चाळीची रणरागिणी’ म्हटलं. रणरागिणी तेव्हा टोपी घालून, नाक पुसत उभी होती. बाबांनी दहा मिनिटं भाषण केलं. विज्ञानावर श्रद्धा ठेवा, बुवाबाजीला थारा देऊ नका, गंडेदोरे मोरीत टाका, असं ते बोलले आणि टाळ्या पडल्या. बाबा बँकेत शिपाई होते, पण माईक हातात आला की मॅनेजरसुद्धा त्यांच्यापुढे लहान वाटायचा. मला भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. जिच्याकडे किती वेळ आहे हे डॉक्टरही सांगायला तयार नव्हते, तिला घड्याळ द्यावं हे कोणाला सुचलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आठवीत पायांवर निळे-जांभळे डाग उठायला लागले. मला वाटलं, शाळेचा बाक लागतो. मग दात घासताना थुंकी लाल यायला लागली. आई रोज सकाळी मोरीशी उभी राहून माझी थुंकी बघायची. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि म्हणाली, ‘कपडे बदल. परळला जायचंय.’ परत तेच पाठीत सुई घालणं, तीच बाकडी, तीच फिनेलची घाण. बाईंनी या खेपेलाही मला बाहेर बसवलं नाही. माझ्याकडे बघूनच म्हणाल्या, ‘सुजाता, आलाय परत. या वेळेला औषध जास्त कडक असणार आणि खात्री कमी. पण रस्ता आहे. चालायचं?’ मी म्हटलं, ‘चालू.’ दुसरं काय म्हणणार? बाबा खिडकीबाहेर बघत होते. येताना वाटेत त्यांनी विज्ञानाबद्दल एक शब्द काढला नाही.

आता कावीळ कुठून आली ते. माझी ताई, वैशाली, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्यासाठी शांताआत्याने माटुंग्याचं एक स्थळ आणलं होतं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. वरळीला राहायची, आणि लग्न जमवणं हे तिचं काम नव्हतं, तो तिचा स्वभाव होता. मुलगा पोर्टमध्ये क्लार्क, वडील शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, घरात विचारांची पुस्तकं. माझी बातमी कळल्यावर ती दुसऱ्याच दिवशी दुपारी टॅक्सी करून आली, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं. बैठक आमच्या खोलीतच झाली, कारण आम्हाला दुसरी खोली नव्हती. मी खाटेवर पडले होते, ती सगळी खाली चटईवर बसली होती.

‘पोर ऐकतेय,’ बाबा म्हणाले.

‘ऐकू दे. तिला काय कळतं,’ आत्या म्हणाली. आईकडे वळून म्हणाली, ‘वहिनी, माटुंग्याला जर कळलं की धाकटीला रक्ताचा आहे आणि परत परत होतो, तर झालं. मोठीचं पण रक्त तेच ना.’

‘रक्तातून येत नाही म्हणाल्या बाई,’ आई म्हणाली.

‘बाई तुमच्या पोरीचं लग्न लावून देणारे का?’

मग कुठला आजार द्यायचा यावर चर्चा झाली. मी मरणाच्या दारात पडल्ये आणि चौघं मोठी माणसं खाली बसून माझ्यासाठी आजार निवडतायत, साडी निवडावी तसा. टायफॉईड आत्याने बाद केला, तो फार लवकर बरा होतो. टीबीचं नाव ताईने काढलं, तर आत्या तिच्यावर खेकसली, ‘अगं, टीबीपेक्षा कॅन्सर परवडला!’ शेवटी कावीळ ठरली. ती लांबते, मध्येच उलटते, सगळ्यांना होते, आणि काविळीमुळे कोणाचं लग्न मोडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. दुसरी गोष्ट कोणी बोललं नाही, पण ती बाबांच्या चेहऱ्यावर होती. रणरागिणीचा सत्कार झाला होता, माईकवरून ‘कायमचा’ म्हणून झालं होतं. आता परत झाला हे राजाभाऊंना कुठल्या तोंडाने सांगायचं? आईने मान हलवली नाही. पण ती बोललीही नाही, आणि आमच्या घरात न बोलणं हे होकारात धरायचे.

ज्यांनी चाळीत दिवस काढले नाहीत त्यांना या खोट्याची मेहनत कळणार नाही. आमच्या इमारतीत मधून लांब कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या. कोणाकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या त्यावरून आज डाळ की मटण ते कळायचं. अशा ठिकाणी कॅन्सर लपवायचा होता. परळचं हॉस्पिटल आमच्यापासून चालत जाण्याइतकं जवळ, पण त्या बाजूला जाताना कोणी बघेल म्हणून बाबा मला आधी उलट्या दिशेने बसने दादरला न्यायचे आणि तिथून दुसऱ्या बसने परत परळला. औषध घेऊन परत येतानाही तसंच. त्या वळशात मला दोन बसमध्ये मिळून किती उलट्या झाल्या असतील ते कंडक्टर जाणोत.

जेवणाचं तर विचारूच नका. बाईंनी ज्या गोळ्या दिल्या होत्या त्यांनी राक्षसासारखी भूक लागायची. मला दुपारी चार वाजता सुकट हवी असायची, पाच वाजता तळलेला बोंबील, आणि सहा वाजता पुन्हा सुकट. डॉक्टर म्हणत होत्या, खाऊ दे, फक्त घरचं, ताजं, शिजवलेलं. पण काविळीच्या माणसाला तेल नाही, मासळी नाही, तिखट नाही, हे सगळ्या कॉरिडॉरला पाठ. त्यामुळे आई दार उघडं ठेवून सगळ्यांच्या देखत मला पातळ भात भरवायची, आणि नंतर दार लावून, खिडकी लावून, बोंबील तळायची. दार लावता येतं, वास कसा लावणार? ‘आज कुणाकडे बोंबील?’ अशी हाक कॉरिडॉरमधून आली की आई आतून ओरडायची, ‘ह्यांच्यासाठी!’ बाबा तेव्हा कामावर असायचे. आता माझ्या टॉवरच्या फ्लॅटमध्ये मी दिवसभर दार लावून काहीही तळते, आणि कोणी विचारत नाही. कधीकधी मी स्वतःच दार किलकिलं करून ठेवते, पण हे कोणाला सांगत नाही.

गोळ्यांनी चेहरा चंद्रासारखा गोल झाला. समोरच्या खोलीतल्या इंदूमावशी रोज येऊन माझे गाल दाबायच्या. त्या मालवणकडच्या, नवरा पोलिसात, मूलबाळ नाही, म्हणून सगळ्या मजल्याची मुलं त्यांची. ‘काय गो कमळ,’ त्या आईला म्हणायच्या, ‘कावीळ झाली की माणूस सुकता. ह्या चेडू फुगलांसा!’ आई म्हणायची, ‘लिव्हरची सूज आहे.’ गालांत लिव्हर असतं हे इंदूमावशींनी मान्य केलं. मग केस गळायला लागले. उशीवर, ताटात, मोरीत, सगळीकडे केस. ‘काविळीत केस जातंत?’ इंदूमावशींनी विचारलं. आत्या नेमकी तिथे होती. तिने ठामपणे सांगितलं, ‘उष्णता.’ आमच्याकडे उष्णता म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

पण इंदूमावशींना स्वस्थ बसवेना. एके दिवशी त्या वरळी कोळीवाड्यातल्या एका कोळणीकडून काविळीची माळ घेऊन आल्या. ही माळ म्हणजे कसल्याशा मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेले. ती डोक्यावर घालायची. तुकडे वाळतात, दोरा सैल पडतो, माळ वाढत वाढत गळ्यात येते, मग पोटावर, आणि कावीळ तिच्याबरोबर उतरते असं मानतात. गंडेदोरे मोरीत टाका म्हणून भाषण करणारे बाबा समोर खुर्चीत बसले होते. त्यांच्याकडे दोन रस्ते होते, एक तर माळ नाकारून ‘ही कावीळच नाही’ म्हणायचं, नाहीतर गप्प बसायचं. त्यांनी पेपर उघडला आणि त्यात तोंड घातलं. इंदूमावशींनी माझा स्कार्फ सोडला आणि माळ माझ्या गुळगुळीत टकलावर ठेवली. डोक्यावर एकही केस नाही. माळ क्षणभर थांबली आणि सर्रकन कानांवरून घसरून गळ्यात आली.

‘उतारली!’ इंदूमावशी ओरडल्या. ‘पयल्याच मिनिटाक उतारली! कमळ, बघितलंस मां?’

कॉरिडॉरमधून माणसं धावत आली. इतक्या वेगाने उतरलेली कावीळ त्यांनी कधी पाहिली नव्हती. पेपरमागे बाबांचे खांदे हलत होते. ते हसत होते की रडत होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी भाषण केलं असतं.

इथपर्यंत गंमत होती. गंमत संपली ती रक्तावरून. कडक औषधाने माझ्या रक्तातल्या प्लेटलेट्स खाली जायच्या. त्या कमी झाल्या की रक्त गोठत नाही, कुठूनही वाहायला लागतं आणि थांबत नाही. त्या बाहेरून चढवाव्या लागत, आणि एका वेळेला पाच-सहा जणांचं रक्त काढलं की त्यातून माझ्यापुरत्या निघत. माणसं आपली आपण आणायची, असा रक्तपेढीचा नियम. बाबांनी स्वतः दिलं आणि बँकेतले चार जण नेले. पुन्हा लागल्या तेव्हा जेमतेम दोन मिळाले. तिसऱ्या वेळी लोक बाबांना बघून जिन्याने जायला लागले. आणि आमच्या मजल्यावर, आमच्या दारासमोर कॅरम खेळत बसलेली, दरवर्षी जयंतीला रक्तदान शिबिर भरवून हाताला कापूस लावलेला फोटो काढून घेणारी मंडळाची वीस-पंचवीस दांडगी पोरं होती. त्यांना विचारता येत नव्हतं, कारण काविळीला प्लेटलेट्स लागत नाहीत. ताईचा रक्तगट माझाच. ती दोनदा म्हणाली, मी देते. आत्या म्हणाली, ‘अजिबात नाही. पुढच्या रविवारी माटुंग्याची माणसं येतायत. फिकट दिसेल.’ शुक्रवारी बाईंनी बाबांना स्पष्ट सांगितलं की सोमवारपर्यंत माणसं आणा, थांबायला जागा नाही. बाबांनी मान हलवली. मी त्यांच्या बाजूलाच उभी होते.

रविवारी सकाळपासून खोलीत कांदा परतल्याचा वास. आमच्या खोलीत पाहुणे बसणार म्हणून मला समोर इंदूमावशींच्या खोलीत हलवलं. टक्कल पडलेली, फुगलेल्या तोंडाची धाकटी मुलगी पाहुण्यांना दाखवण्यासारखी नव्हती. इंदूमावशींनी माझ्यासाठी नाक्यावरून उसाचा रस आणून ठेवला होता, काविळीला थंड म्हणून. बाहेरचा रस माझ्यासाठी विष होता, हे मला माहीत होतं आणि मला ते सांगता येत नव्हतं. त्या वळल्या की मी थोडा थोडा मोरीत ओतत होते. दोन्ही दारं उघडी होती. मध्ये फक्त कॉरिडॉर. गुरुजी, त्यांची बायको आणि मुलगा खुर्च्यांवर. आत्या त्यांच्या शेजारी, घराची मालकीण असल्यासारखी. जयभीम झाला, पाणी झालं, मुलाचं शिक्षण झालं. आमच्यात पत्रिका बघत नाहीत याचा बाबांना फार अभिमान होता आणि गुरुजींनाही होता, त्यावर दोघंही भरभरून बोलले. ताई जांभळ्या साडीत पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि त्याच वेळी माझ्या ओठांवर काहीतरी गरम लागलं.

मी आधी हाताने पुसलं, मग ओढणीने. मग इंदूमावशींनी बघितलं. त्यांनी डोक्यावर थंड पाणी थापलं, कांदा फोडून नाकाशी धरला, मान मागे केली, आणि रक्त नाकातून थांबलं ते घशात उतरायला लागलं. मी खोकले तेव्हा त्यांचा टॉवेल लाल झाला. त्या टॉवेल तसाच हातात घेऊन कॉरिडॉर ओलांडून थेट पोह्यांमध्ये गेल्या.

‘गो कमळ, ह्यां बघ! थांबत नाय रगत! काविळीत असां होत नाय गो!’

‘उष्णता आहे,’ आत्या लगेच म्हणाली. ‘ऊन लागलंय. इंदूताई, तुम्ही कांदा लावा. वहिनी, बसा तुम्ही, पाहुण्यांचा चहा राहिलाय.’

‘काय झालंय मुलीला?’ गुरुजींच्या बायकोने विचारलं.

‘कावीळ. उतरत आलीय.’

मी इंदूमावशींच्या उंबऱ्यात नाक दाबून उभी होते. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या एका हातात बशी होती, दुसऱ्यात कप. तिने दोन्ही खाली ठेवले, अगदी नीट, कपाचा कान आतल्या बाजूला करून.

‘कावीळ नाही,’ ती म्हणाली. ‘कॅन्सर आहे. रक्ताचा. दुसऱ्यांदा झालाय.’

आत्याने डोळे मिटून घेतले. बाबांचं तोंड उघडं होतं आणि जन्मात पहिल्यांदा त्यातून भाषण येत नव्हतं. गुरुजींनी घसा साफ केला.

‘म्हणजे... तसा काही प्रश्न नाही. पण हे घराण्यात आहे का?’

‘घराण्याचं माहीत नाही. घरात आहे,’ आई म्हणाली. ‘आणि आत्ता, या मिनिटाला, तिला रक्त लागतंय. तुमचा रक्तगट कुठला, गुरुजी?’

‘मला बीपी आहे,’ गुरुजी म्हणाले.

आईने मुलाकडे बघितलं. मुलाने त्याच्या आईकडे बघितलं. ‘मी सकाळपासून उपाशी आहे,’ तो म्हणाला. त्याच्या हातातल्या बशीत चमचाभर पोहे उरले होते.

आई त्यांना ओलांडून कॉरिडॉरमध्ये आली आणि नळावर भांडताना लावायची त्या आवाजात ओरडली, ‘राजाभाऊ! कुठायत तुमची शिबिरवाली पोरं?’

राजाभाऊ बनियनवर बाहेर आले. कॅरम थांबला. आईने तेच दोन वाक्यांत परत सांगितलं. राजाभाऊंना पटेना. ‘अहो वहिनी, असं कसं? सत्कार झालाय ना तिचा!’

‘मग आता दुसरा करा! आधी चला!’

टॅक्सीत मी मध्ये, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला इंदूमावशी माझं नाक चिमटीत धरून. कधी नव्हे ते आम्ही दादरला न जाता सरळ परळला गेलो. साऱ्या वाटेने इंदूमावशी आईला शिव्या घालत होत्या. ‘माका खोटां कित्याक सांगितलास? वरळीक पायी गेलंय मी! उसाचो रस दिलंय पोराक! मेलां असतां तर कोणाच्या नावावर?’ मला मात्र एवढं रक्त गिळूनही फार बरं वाटत होतं. कोणीतरी शेवटी योग्य आजारासाठी ओरडत होतं.

हॉस्पिटलने आपल्याकडच्या पिशव्या मला आधी चढवल्या आणि बदल्यात माणसं मागितली. पुढचं मी पाहिलेलं नाही, पण मंडळाच्या पोरांनी इतक्या वेळा आणि इतक्या जणांना सांगितलं की पाहिल्यासारखंच आहे. रक्तपेढीच्या दाराशी बारा-चौदा जण, अर्धी चड्डी, हाताला कॅरमची पावडर. दोघांना शनिवारची दारू उतरली नव्हती म्हणून हाकललं. राजाभाऊंना भोवळ आली, सुई टोचायच्या आधीच. दरवर्षीच्या शिबिरात ते फक्त फोटोला आडवे होत असत, हे त्या दिवशी उघड झालं. आणि या सगळ्यांच्या मागे जांभळ्या साडीतली ताई, केसांत गजरा. काट्यावर तिचं वजन कमी भरलं. तिथला माणूस म्हणाला, नाही चालणार. ताई बाहेर गेली, नळाखाली ओंजळी लावून पोट दुखेपर्यंत पाणी प्यायली, इंदूमावशींच्या कमरेचा चाव्यांचा जुडगा आपल्या साडीत खोचला, आणि परत काट्यावर उभी राहिली. काटा हवा तिथे आला. त्या माणसाने काट्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. ‘साडी जड आहे वाटतं,’ तो म्हणाला. ‘भारीतली आहे,’ ताई म्हणाली. साडी नायलॉनची होती. असं करू नये, हे मी आज शहाण्या माणसासारखं लिहिते. तेव्हा तिने केलं.

माटुंग्याहून पुढच्या आठवड्यात निरोप आला की मुलाचा सध्या लग्नाचा विचार नाही. पत्रिका बघत नाहीत, म्हणून मग रक्त बघितलं. आत्या काही महिने फिरकली नाही आणि मग आली ती असं सांगत की लपवू नका म्हणून मीच पहिल्यापासून बोंबलत होते. मी आता विमा कंपनीत काम करते. लोकांचे आजार खरे की खोटे हे बघायचा मला पगार मिळतो, आणि आत्यासारखी माणसं मला लांबून ओळखू येतात. मला स्वतःला मात्र अजून कोणी विमा दिलेला नाही. दोनदा झालेल्या माणसावर कोणी पैज लावत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी ताई वॉर्डात आली, कोपरावर चिकटपट्टी, गजरा सुकलेला. स्टुलावर बसली. फिकट दिसत होती. आत्याचं तेवढं एक खरं ठरलं.

‘मुलगा बरा होता गं,’ ती म्हणाली.

‘मग?’

‘मग काय. जाताना बशी चाटूनपुसून गेला.’ ती हसली नाही. माझ्या हातात चढत असलेल्या प्लेटलेट्सच्या पिवळट पिशवीकडे बघत राहिली. तिचं रक्त यात नाही, ते दुसऱ्याच कोणाला जाईल, हे तिला नर्सने सांगितलं होतं. तरी ती बघत होती. ‘हे बघ सुजे,’ ती म्हणाली, ‘तुझ्यापायी मी एक स्थळ घालवलंय. आता तू मेलीस तर तेही फुकट आणि हेही. तेव्हा मरायचं नाही. कळलं?’

लहानपणापासून मी ताईचं कधीही काही ऐकलेलं नाही, आजही ऐकत नाही. हे एक ऐकलं.